पीचच्या झाडाची तिसरी आखाजी

आधीच सांगून टाकतो, आबा ठणठणीत आहेत. एखाद्या माणसाविषयी कुणी असं बैठक मारून लिहायला लागलं की वाचणाऱ्याला भलतीच शंका येते आणि फोन सुरू होतात. आबांच्या बाबतीत तसे फोन एकदा होऊन गेलेत. तेव्हाही ते ठणठणीतच होते.

आबा म्हणजे माझे जळगावचे घरमालक. मी धुळ्याचा. विम्याच्या कचेरीत होतो, जळगावला बदली झाली आणि भर मे महिन्यात खोली शोधत फिरत होतो. रस्त्यावरचं डांबर बुटाला चिकटत होतं. एका छोट्या दुमजली घराच्या फाटकावर वरची खोली भाड्यानं देण्याची पाटी दिसली म्हणून कडी वाजवली, तर दार उघडणाऱ्या गृहस्थांच्या खांद्यावर लोकरीचा स्वेटर. मी घाम पुसत होतो आणि ते स्वेटर सावरत होते. लग्न झालंय का, अंडी-मटण चालतं का, मित्र किती येतात, असलं काही त्यांनी विचारलं नाही.

"पहाटे पाचला जाग येते?"

"येते," मी खोटं बोललो.

"चष्मा?"

"नाही."

"मग थर्मामीटर वाचता येईल. सामान आणा."

अशी मला खोली मिळाली.

स्वेटरचं कोडं दोन दिवसांत सुटलं. आबांनी पस्तीस वर्षं केळीच्या शीतगृहात मशिनवर काढली होती. बाहेर पंचेचाळीस अंश आणि आत तेरा. रावेर-सावद्याकडची केळी आत यायची, थंड व्हायची आणि ट्रकमधून उत्तरेला जायची. आबा मात्र रोज आत-बाहेर करायचे. त्यामुळे मे महिन्यात सायकलवरून स्वेटर घालून, कानटोपी लावून कामावर जाणारा जळगावातला हा एकमेव इसम. निवृत्त झाल्यावरही खांद्याला सवय राहिली होती. हिवाळ्यात मात्र ते बाह्यांच्या बनियनवर फिरायचे. "ही काय थंडी आहे?" असं तुच्छतेनं म्हणायचे.

निवृत्तीनंतर माणसं देवधर्माला लागतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. आबांनी परसात फळझाडं लावायला घेतली. त्यातही आपल्याकडे सहज येणारी झाडं त्यांच्या लेखी झाडंच नव्हती. "पपई काय, थुंकलं तरी उगवते," हे त्यांचं मत. पेरू, सीताफळ आणि चिकू आपापल्या जिवावर वाढत होते आणि रग्गड फळं देत होते, पण आबा त्यांच्याकडे ढुंकून बघत नसत. त्यांचा सगळा जीव न येणाऱ्या झाडांत. लिची लावली, ती गेली. एवोकॅडो लावला, तो गेला. एक सफरचंदही येऊन गेलं होतं म्हणे. गेलेल्या झाडांच्या वाळक्या काड्या त्यांनी उपटल्या नव्हत्या. प्रत्येक काडीला पत्र्याची नावाची पट्टी तशीच लटकत होती. परसात कपडे वाळत घालायला गेलो की मला उगाच आवाज खाली करावासा वाटे.

या सगळ्यांत एकच जिवंत होतं, पीचचं झाड. केळी घेऊन पंजाबकडे जाणाऱ्या एका ट्रक ड्रायव्हरनं येताना ते ओल्या गोणपाटात गुंडाळून आबांना आणून दिलं होतं. ही मैदानी मुलखातली जात आहे, थोडक्या थंडीवर भागवून घेते, दोनशे तास थंडी मिळाली की फळ धरते, असं तो म्हणाला होता. तो ट्रक चालवणारा, शेतीशास्त्राचा प्राध्यापक नव्हे. पण आबांनी त्याचं वाक्य दगडावरची रेघ मानलं. कुंपणाच्या भिंतीवर ते कोळशानं उभ्या रेघा ओढत. एक रेघ म्हणजे थंडीचा एक तास. हिवाळ्यात पाऱ्याकडे बघायची पहाटेची पाळी माझी होती. खिडकीतून बॅटरी मारून मी आकडा ओरडायचो आणि खालून आबा म्हणायचे, "अर्ध्या अंशाचं खोटं सांगू नका, विमावाले. झाडाला कळतं."

घोटाळा एवढाच होता की आबांनी हे झाड नेमकं अक्कांच्या चुलीच्या जागी लावलं होतं.

अक्का म्हणजे आबांच्या पत्नी. बाई कमी बोलायच्या, आणि बोलल्या की ते शेवटचं असायचं. परसाच्या त्या कोपऱ्यात त्यांची मोठी विटांची चूल होती आणि वर्षातून एकदा, आखाजीला, तिच्यावर मातीचं मोठं खापर चढायचं. आमच्या खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा दिवाळीच्या वरचा सण. पितरांच्या नावानं घागर पुजायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा ठेवायचा, आणि मग खापरावरचे मांडे, म्हणजे हातभर पुरणपोळ्या, आमरसाबरोबर हाणायच्या. अक्का माहेरी गेल्या असताना आबांनी ती चूल मोडली आणि तिथे खड्डा खणला. का, तर दुपारनंतर तिथे भिंतीची सावली पडते. परत आल्यावर अक्कांनी आरडाओरडा केला नाही. भांडी घासता घासता त्यांनी निकाल दिला, आणि तो आबांनी मला इतक्या वेळा ऐकवलाय की मी हजर असल्यासारखाच आहे.

"तीन आखाजी थांबसू. त्येना आंगे एक तरी खावाजोगं फळ लागनं, ते कोपरा तुमना. नही लागनं, ते कोपरा मना. आनि ह्याच झाडना लाकूडवर मी मांडा भाजसू."

तीन आखाजी. मी राहायला गेलो तेव्हा पहिली नुकतीच कोरडी गेली होती.

आबांचं एक आवडतं वाक्य होतं, "घाई केली की फळ पिवळं होतं, पिकत नाही." केळीच्या धंद्यात ते शंभर टक्के खरं असेल, पण आबा ते कशालाही लावायचे. मी खात्याच्या परीक्षेला बसलो तेव्हा लावलं. अमळनेरला मुलगी बघायला निघालो तेव्हा फाटकापर्यंत येऊन लावलं. मुलीकडच्यांनी नकार कळवला तेव्हा तर आबांना आनंदच झाला. "बघा, पिवळे झाले असतात नुसते!" आणि वर दोन पेरू हातात ठेवले. त्यांच्या सांत्वनाची पद्धत ही अशी.

झाडाच्या दुसऱ्या हिवाळ्यात, म्हणजे माझ्या पहिल्या, त्यांनी त्याची पानं उपटली. डिसेंबर उजाडला तरी ते झाड हिरवंगार उभं होतं, आणि थंड मुलखात या सुमारास पीचची पानं गळतात. आबांचं म्हणणं असं की झाडाची बदली झाली आहे, त्याला अजून इथला हिवाळा ओळखू येत नाही, तर आपण सांगायला हवं. म्हणून स्टूल घेऊन बसले आणि एकेक पान हातानं खुडलं. पूर्ण दोन दिवस. शेवटी उभ्या काटक्या राहिल्या. शेजारणी भिंतीवरून बघत होत्या. अक्का दारात उभ्या राहून म्हणाल्या, "जित्ता झाडना कपडा काढी ऱ्हायनात तुमी."

त्याच हिवाळ्यात परसातला बंबही हद्दपार झाला, कारण त्याच्या धगीनं झाडाची थंडी मोडते. मी दीड महिना गार पाण्यानं अंघोळ केली. धुळ्याच्या माणसाला उन्हाळा शिकवू नये, पण जानेवारीतलं गार पाणी शिकवायला हरकत नाही, असं आबांना वाटत असावं. एवढं करून फेब्रुवारीत फुलं आली पाच, आणि पाचही गळाली. भिंतीवर एकशे चाळीस रेघा झाल्या होत्या. दुसरी आखाजी कोरडी गेली. मांडे त्या वर्षी अक्कांनी नशिराबादला भावाकडे जाऊन भाजले. तिथून आमच्यासाठी डबा आणला, पण आबांच्या ताटात वाढताना त्या कोपऱ्याकडे बघत होत्या.

एवढा आटापिटा कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. आबा भिंतीवरच्या रेघा मोजत होते, ते थांबले नाहीत. मोजता मोजताच म्हणाले, "गावाकडची जमीन भावांनी केली. मी नोकरीला आलो. पस्तीस वर्षं दुसऱ्यांनी पिकवलेली फळं राखली. कुणी विचारलं, यात तुमचं कोणतं, तर काय सांगू?" मग पुन्हा पहिल्या रेघेपासून मोजायला लागले. मला वाईट वाटलं. हसण्यावारी नेण्यासारखा माणूस आहे हा, पण ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

तिसरा हिवाळा आला आणि थंडीच आली नाही. जानेवारी लागला तरी लोक पंखे लावत होते. भिंतीवर कशाबशा साठ रेघा. आबांची झोप उडाली. आणि एका सकाळी सात वाजता फाटकाशी मालवाहू रिक्षा थांबली. मागे भुशात गुंडाळलेली बर्फाची भली मोठी लादी. आबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, पण ते रस्त्यावरून कुणाला दिसले नाहीत. लोकांना दिसली ती फक्त लादी, आणि ती कुणाच्या दारात उतरली ते.

आमच्याकडे सकाळी सकाळी घरात बर्फाची लादी जाते ती एकाच कारणासाठी. लांबची लेक यायची असते, तोवर माणूस ठेवावा लागतो. आबांची लेक सुरतेला दिलेली. सगळं जुळत होतं. समोरच्या बाईंनी कॉलनीच्या ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं, त्याखाली दहा मिनिटांत चाळीस हात जोडले गेले. मी वर दाढी करत होतो. कचेरीतून साहेबांचा फोन आला, "तुमचे घरमालक गेले म्हणे. आज आला नाहीत तरी चालेल." मी तसाच फेसासकट खाली धावलो. अंगणात पंधरा-वीस माणसं डोकी झाकून उभी. एकानं बांबूची चौकशीही सुरू केली होती. एक म्हातारी अक्कांच्या गळ्यात पडून विचारत होती, "कसं व्हयनं वं माय? काल ते चांगला व्हतात ना!"

"कोठे काय व्हयनं?" अक्का म्हणाल्या. "तो काय, मांगे बठेल शे."

सगळे मागे गेले. आबा बनियनवर उकिडवे बसून टोच्यानं बर्फ फोडत होते आणि झाडाच्या बुंध्याभोवती रचत होते. एवढी माणसं बघून त्यांना वाटलं, आपल्या प्रयोगाची वार्ता पसरली. ते भलतेच खुलले. सगळ्यांना गोल उभं करून त्यांनी थंडीचे तास म्हणजे काय ते समजावलं. डोकी झाकलेली ती माणसं, जायचं तरी कसं म्हणून, ऐकत राहिली. एवढ्यात नशिराबादहून अक्कांचे थोरले भाऊ, नाना, रडत रडत आले. आबांना टोच्यासकट जिवंत बघून त्यांना हसावं की चिडावं कळेना.

"आमी भाडानी गाडी करीसन उनूत ना दाजी!"

"आलाच आहात तर पारा बघून जा," आबा म्हणाले.

त्या रात्री मी मोबाईलवर शोधाशोध केली आणि मला कळलं की थंडी मुळांना लागतच नाही. ती लागते फांदीवरच्या डोळ्यांना, जिथून कळी फुटते तिथे. सकाळी मी हे आबांना सांगितलं. लादी मात्र रोज येत राहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून बर्फाच्या गोणपाटी पिशव्या फांद्यांना लटकायला लागल्या. झाड ठिबकत होतं. लोक रस्त्यात मला थांबवून विचारायचे, "आबांची तब्येत कशी आहे?" आणि कपाळावर बोट ठेवायचे.

पण फेब्रुवारीत, याही वर्षी पानं खुडून ठेवलेल्या त्या काटक्यांना फुलं आली. पाच नव्हे, मोजायला बसावं इतकी. गुलाबी, एकही पान नसताना नुसती फुलं. बर्फानं आली, की जाता जाता चार दिवस थंडी पडली त्यानं आली, देव जाणे. आबा फुलांसमोर खुर्ची टाकून नुसते बसून राहिले. अक्का परसात आल्या, फुलांकडे बघितलं, आत गेल्या आणि काळ्या दोऱ्यात लिंबू-मिरची ओवून आणून बुंध्याला बांधून गेल्या. "नजर लागस," एवढंच म्हणाल्या. कोपरा आपला व्हावा म्हणून वाट बघणाऱ्या बाईनं हे का करावं, ते मला तेव्हा कळलं नाही.

फळं धरली चार. एक खारीनं नेलं, एक वावधनाच्या वाऱ्यात पडलं, एक पोपटानं अर्धं खाऊन अर्धं आमच्यासाठी ठेवलं. उरलं एक. ते आखाजीच्या चार दिवस आधी पिकलं. गालावर लाली आली, वास सुटला. आता तोडावं आणि खावं, अट पुरी झाली, असं कुणालाही वाटेल. पण आमच्याकडे घागरीवर ठेवल्याशिवाय हंगामाचा आंबा तोंडात घालत नाहीत. अक्का म्हणाल्या, "आंबाले जो कायदा, तोच याले. पहिलं पितरले, मंग आपले." यावर आबांचीही मान हलली. तेही याच मातीतले.

मी सुचवलं, तोडून फ्रीजमध्ये ठेवू, तुमच्याइतकं फळ टिकवायला कोणाला जमतं? आबा एरवी माझ्याशी पुस्तकी बोलायचे. चिडले की गावावर यायचे.

"माले शिकाडू नको! थंडा कोठीमा ठेयेल फळ मी जलमभर देखं. हाई झाडवर ऱ्हाई."

आणि ते झाडाखाली राखणीला बसले. वर चव्वेचाळीस अंश. डोक्यावर छत्री, हातात काठी, पोपट आला की काठी. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी धप्प आवाज आला. मला वाटलं फळ पडलं. खाली येऊन बघतो तर फळ जागेवर होतं, आबा पडले होते.

ऊन लागलं होतं. आम्ही त्यांना उचलून आत नेलं, ओल्या चादरीत गुंडाळलं, डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले. शुद्धीवर येताच आबांनी विचारलं, "कोण आहे तिकडे?" आणि उठायला लागले. अक्कांनी त्यांना एका हातानं परत आडवं केलं. "पडी ऱ्हा गुमान. मी जास." सुपात हरभऱ्याची डाळ घेतली, डोक्यावर ओला टॉवेल टाकला आणि त्या झाडाखाली जाऊन डाळ निवडायला बसल्या. मी कचेरीला दांडी मारून काठी घेतली. डाळीतला खडा फेकून अक्का म्हणाल्या, "पस्तीस वरीस थंडामा ऱ्हायना हाऊ मानूस. याले ऊन सोसत नही. माले म्हाईत शे, यालेच म्हाईत नही." त्यांचे डोळे भरले होते. मी पोपट हाकलायच्या निमित्तानं पलीकडे गेलो.

आखाजीच्या सकाळी आबांनी हात लावताच फळ देठातून सुटून आलं. लिंबापेक्षा थोडं मोठं, बस. परसात घागर भरून मांडली, नानांनी आणलेलं डांगर वर ठेवलं, शेजारी आंबा, आणि मधोमध ते लालसर लवदार फळ. आबांनी वडिलांचं, आजोबांचं नाव घेऊन पाणी सोडलं. मग फळाच्या चार फोडी केल्या. नानांना एक, मला एक, एक स्वतःला. चौथी अक्कांच्या ताटलीत राहिली, बी त्याच फोडीला चिकटलेली.

खरं सांगतो, ते फळ बेचव होतं. आधी पाणचट, मग आंबट, आणि गिळताना किंचित कडू. नाना आभाळाकडे बघत म्हणाले, "बरं शे." मी म्हणालो, "छान आहे." आबा सावकाश चावत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालाची परीक्षा केलेला माणूस, स्वतःच्या मालाला थोडाच सोडणार? त्यांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "हा माल परत जाईल."

आबा उठले, अजून पाय लटपटत होते. आतून कुऱ्हाड आणली आणि अक्कांसमोर ठेवली.

"अट खाण्याजोग्या फळाची होती. हे खाण्याजोगं नाही. कोपरा तुझा."

अक्कांनी आपली फोड उचलली. सावकाश खाल्ली, सालासकट. मग बी तोंडात घातली, चोखली, पार कोरडी केली आणि पदराच्या टोकात बांधली.

"माले आवडनं."

"खोटं बोलू नको. पितरांसमोर तरी नको."

"अट कोनी घालेल व्हती? मी. मंग खावाजोगं शे का नही, हाई मी ठरावसू. तुमले कोन इचारस?"

एवढं बोलून त्यांनी कुऱ्हाड उचलली. नाना आणि मी ताडकन उठलो. अक्का पीचच्या बाजूनं सरळ पुढे गेल्या, भिंतीशी रचलेल्या बाभळीच्या लाकडांतलं एक ओढलं आणि दोन घावांत उभं फोडलं. माझ्या जिन्याखाली तीन विटा मांडल्या. नानांना खापर आणायला पिटाळलं. धूर थेट माझ्या खोलीत जाणार होता, पण त्या वेळी मी तक्रार करण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. आबा अजून घागरीपाशीच उभे होते. चुलीत फुंकर मारता मारता, मागे न बघता, अक्का म्हणाल्या,

"उभा काय ऱ्हायनात? पानी टाका त्याले. येवढा उन्हामा एक फळ दिधं त्यानी, थकी गयं व्हई."